वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर: संध्याकाळी रॉड का चिकटतो, आणि जुन्या कोअरवर मशीन बांधावं का

प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगावजवळ फॅब्रिकेशनचं छोटं दुकान आहे. कामं द्राक्षबागेच्या अँगलची आणि उसाच्या ट्रॉल्यांची. मशीन २०० ॲम्पियरचं, हँडल फिरवून करंट बदलणारं, एअर-कूल्ड. जोडणी २३० व्होल्ट सिंगल फेज. सकाळी १० नंबरचा, म्हणजे ३.१५ एमएम जाडीचा साधा ६०१३ जातीचा रॉड छान चालतो, संध्याकाळी तोच चिकटायला लागतो, आणि ७०१८ जातीचा तर पेटला तरी विझतो. एकाने सांगितलं, भंगारातल्या स्टॅबिलायझरचा कोअर, म्हणजे लोखंडी गाभा, घेऊन नवं मशीन बांधून घे. दुसरा म्हणतो, इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घे. शिवाय हंगामात साखर कारखान्यात रोलर आर्किंगचं, म्हणजे उसाच्या गिरणीच्या रोलरवर कठीण धातूचे ठिपके वेल्ड करण्याचं काम मिळतंय. तेही याच मशीनवर होईल का?

मशीन बिघडलेलं नाही, त्याला पोट भरून व्होल्टेज मिळत नाही, असंच या लक्षणांवरून दिसतं. पण हे अंदाजावर सोडू नका. आर्क चालू असताना मशीनच्या प्रायमरी टर्मिनलवर, म्हणजे लाइन जिथे मशीनला जोडते तिथे, व्होल्टमीटर लावून वाचा. बोर्डावर नाही आणि मशीन रिकामं असतानाही नाही. रिकाम्या मशीनला २२५ दिसतात आणि रॉड लागला की १९० होतात, हे मोजल्याशिवाय कळत नाही. हेच माप सकाळी दहाला आणि संध्याकाळी सातला घ्या.

आता हे व्होल्टेज एवढं महत्त्वाचं का, ते समजून घेऊ. त्यातच तुमच्या पुढच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

साध्या ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रायमरी (लाइनकडची वाइंडिंग) आणि सेकंडरी (रॉडकडची वाइंडिंग) एकमेकींवर घट्ट गुंडाळलेल्या असतात, म्हणजे एकीचं चुंबकीय क्षेत्र पूर्णपणे दुसरीतून जावं. अशा ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी शॉर्ट केली तर पूर्ण करंटच्या वीस-पंचवीस पट करंट उसळतो. वेल्डिंगमध्ये तर दर रॉडला शॉर्ट होतोच: रॉड जॉबला, म्हणजे जोडायच्या लोखंडाला, टेकवल्याशिवाय आर्क पेटत नाही, आणि वितळलेला प्रत्येक मोठा थेंब टोक आणि जॉब यांच्यात क्षणभर पूल बांधतो. म्हणून वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर मुद्दाम गळका बनवतात. दोन वाइंडिंग लांब ठेवतात आणि मध्ये लोखंडाचा सरकता तुकडा, म्हणजे शंट, बसवतात. हँडल फिरवून शंट आत गेला की जास्त चुंबकीय फ्लक्स सेकंडरीला न भेटता मधूनच परत फिरतो, रिॲक्टन्स, म्हणजे एसी करंटला होणारा चुंबकीय अडथळा, वाढतो आणि करंट कमी होतो. बाहेर काढला की करंट वाढतो. काही मशीनमध्ये शंटऐवजी वाइंडिंगच वरखाली सरकतं, काहींत वेगळा चोक (रिॲक्टन्स देणारं लोखंडावरचं वेटोळं) आणि टॅपिंग (वाइंडिंगमधून मध्येच काढलेली टोकं) असतात, तत्त्व एकच.

आकड्यांत पाहू. रॉड लावण्याआधीचं ओपन सर्किट व्होल्टेज ७० धरा. हाताच्या वेल्डिंगमध्ये आर्कवर किती व्होल्ट राहतात त्याचं ठरलेलं गणित आहे: २० अधिक करंटचा ०.०४ पट. म्हणजे १२० ॲम्पियरला २४.८ व्होल्ट, २०० ॲम्पियरला २८. उरलेलं व्होल्टेज रिॲक्टन्स खातो, आणि ते सरळ वजा होत नाही, काटकोनात वजा होतं. ७० चा वर्ग उणे २४.८ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ ६५.५, भागिले १२० म्हणजे रिॲक्टन्स ०.५५ ओहम. २०० ॲम्पियरसाठी हाच हिशेब ०.३२ ओहम देतो, आणि तिथे रॉड पूर्ण चिकटला तरी करंट २१८ च्या आसपासच थांबतो. रॉड चिकटल्यावर मशीन लगेच जळत नाही ते यामुळे.

रिॲक्टन्सचं दुसरं काम याहून मोलाचं आहे. एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, म्हणजे आर्क सेकंदाला १०० वेळा विझतो. तो पुन्हा पेटायला त्याच क्षणी टोकावर पुरेसं व्होल्टेज उभं असावं लागतं. रिॲक्टन्समुळे करंट व्होल्टेजच्या बराच मागे चालतो. त्यामुळे करंट शून्यावर असताना व्होल्टेज जवळपास शिखरावर असतं. वरच्या १२० ॲम्पियरच्या उदाहरणात त्या क्षणी सुमारे ९२ व्होल्ट उभे असतात. रिॲक्टन्सऐवजी नुसता रोध घातला असता तर करंट आणि व्होल्टेज दोन्ही एकदमच शून्यावर आले असते आणि आर्क तडतडत विझला असता. वेल्डिंग मशीनचा पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या व्होल्ट-ॲम्पियरपैकी खऱ्या कामाला लागणारा वाटा, ०.३५ ते ०.५ इतका खराब असतो, त्याचं कारणही हेच. तो मशीनचा दोष समजू नका.

आता संध्याकाळ. २३० चे १९० झाले की ७० व्होल्टचे ५८ होतात. हँडल न हलवता करंट १२० वरून ९६ वर येतो. त्याहून वाईट म्हणजे पुन्हा पेटण्याच्या क्षणाचं व्होल्टेज ९२ वरून ७४ वर उतरतं. म्हणून नुसतं हँडल फिरवून करंट वाढवला की १० नंबरचा रॉड कसाबसा चालतो, पण ७०१८ चालत नाही. १० नंबरचा तो रॉड ६०१३ जातीचा. त्याच्यावरच्या लेपात रुटाईल आणि पोटॅशियमची संयुगं असतात. ती आर्कमधला वायू सहज आयनित ठेवतात, म्हणून त्याला ५० व्होल्टचं मशीनसुद्धा चालतं. ७०१८ बेसिक कोटिंगचा. त्याला एसीवर ७० व्होल्ट लागतात, आणि पाकिटावर तसं छापलेलं असतं. रॉड घेताना नंबर बघतो तसं ही ओळसुद्धा वाचा. ६०१० तर एसीवर चालवायचाच नसतो. त्या जातीचं काम एसीवर करायचं असेल तर ६०११ आहे.

व्होल्टेजचा ड्रॉप, म्हणजे पडझड, नेमका कुठे होतो ते शोधायला दोन व्होल्टमीटर लागतात: एक महावितरणच्या मीटरपाशी, एक मशीनवर. दोन्ही आकडे आर्क चालू असताना एकाच वेळी वाचायचे.

दोन्हींत मोठा फरक असेल तर दोष तुमच्या वायरिंगचा आहे. १२० ॲम्पियरच्या आर्कला २३० व्होल्टवर प्रायमरी करंट सुमारे ३६ ॲम्पियर येतो. मीटरपासून दुकान ६० मीटर लांब आणि तार ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची असेल तर जाऊन-येऊन १२० मीटर तारेचा रोध ०.५५ ओहम होतो. आर्क चालू असेपर्यंत त्या तारेत ७०० वॅट नुसती उष्णता होते. १० स्क्वेअरची तार घातली तर हाच आकडा ३०० वॅटच्या खाली येतो. तार बदलताना मेन स्विचचे कॉन्टॅक्ट, फ्यूजचे क्लिप आणि मशीनचे प्रायमरी नटही उघडून बघा. काळा पडलेला लग (तारेच्या टोकाची धातूची टोपी) पॉलिश पेपरने घासून पुन्हा आवळणं हा उपाय नाही. तो कापून नवा लग क्रिम्प करायचा.

मीटरपाशीच व्होल्टेज पडत असेल तर लाइन लांब आहे किंवा गावच्या डीपीवर (वीज वाटणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) लोड जास्त आहे. इथे खराब पॉवर फॅक्टर दुहेरी नडतो. तुमच्या घरच्या वायरिंगमध्ये मुख्यतः रोध असतो, आणि मागे चालणाऱ्या करंटला रोधाचा ड्रॉप पूर्ण भोवत नाही. डीपी आणि वरच्या लाइनमध्ये रिॲक्टन्स असतो, आणि त्याचा ड्रॉप अशा करंटला पुरेपूर बसतो. शेजाऱ्यांचे दिवे तुमच्या रॉडबरोबर लुकलुकतात ते यामुळेच.

याला दोन उपाय. पहिला, थ्री फेज जोडणी घेऊन मशीन ४१५ च्या टॅपिंगवर, दोन फेजमध्ये जोडणं. २०० ॲम्पियरच्या सेटिंगला मशीन १४ केव्हीए (व्होल्ट गुणिले ॲम्पियर, भागिले हजार) ओढतं: २३० वर ते ६१ ॲम्पियर, ४१५ वर ३४. साध्या सिंगल फेज जोडणीवर ६१ ॲम्पियर मागणं योग्यच नाही. जोडणी दुकानाच्या वापराचीच हवी. शेतीपंपाच्या मीटरवरून वेल्डिंग चालवणं विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ मध्ये अनधिकृत वापर ठरतं, आणि त्याचं बिल भारी पडतं.

दुसरा उपाय कपॅसिटर. हा फार कमी दुकानांत दिसतो आणि त्याची खरोखर हळहळ वाटते. १२० ॲम्पियरला मशीन ८.४ केव्हीए घेतं. त्यातले खरे किलोवॅट सुमारे ३.७, आणि काटकोनातला ७.५ केव्हीएआर रिॲक्टिव्ह, म्हणजे काम न करता लाइनमध्ये नुसता ये-जा करणारा. प्रायमरीला ५ केव्हीएआरचा कपॅसिटर लावला तर लाइनमधून येणारे केव्हीए ८.४ वरून साधारण ४.५ वर येतात. ४१५ वर म्हणजे २० ॲम्पियरचे ११. आर्कला काहीच कमी मिळत नाही, पण लाइन निम्मी मोकळी होते. कपॅसिटर सिंगल फेज, ४४० व्होल्टचा, मशीनच्या स्विचनंतर प्रायमरीच्या दोन टोकांना जोडायचा, म्हणजे मशीन बंद केलं की तोही सुटतो. ४१५ वर ५ केव्हीएआरसाठी सुमारे ९३ मायक्रोफॅरड लागतात. २३० वर तेवढ्याच कामाला ३०० लागतात, म्हणून सिंगल फेजवर हा उपाय महाग पडतो. पूर्ण ७.५ केव्हीएआर घालू नका. मशीन रिकामं असताना सगळा कपॅसिटर लाइनवर उघडा पडतो आणि रात्री व्होल्टेज आधीच चढलेलं असेल तर आणखी चढवतो. डिस्चार्ज रेझिस्टर आहे ना ते बघून घ्या. तो नसेल तर स्विच बंद केल्यावरही टर्मिनल जोरदार झटका देतात.

आता सेकंडरी बाजू. वेल्डिंग केबल ३५ स्क्वेअरची तांब्याची असेल तर होल्डरची आणि जॉबची मिळून ६० मीटर केबल १२० ॲम्पियरला ४ व्होल्ट खाते. आधीच ५८ व्होल्ट मिळत असताना हे चार व्होल्ट जाणवतात. ॲल्युमिनियमची केबल स्वस्त म्हणून घेतली तर तेवढ्याच रोधाला दीडपटीहून जास्त जाडी लागते. ३५ च्या जागी निदान ५५-६० स्क्वेअरची बघा. उरलेली केबल ट्रॉलीच्या चॅनलला वेटोळी घालून टांगून ठेवायची सवय मोडा. लोखंडाभोवतीचं वेटोळं म्हणजे एक फुकटचा चोक: एसीवर करंट लगेच घटतो आणि दोष मशीनला जातो. केबल जमिनीवर लांब सोडा, जाणारी आणि येणारी शेजारी-शेजारी.

जॉबच्या क्लॅम्पऐवजी सळईचा तुकडा किंवा अँगल टाकून काम भागवण्याची पद्धत सर्रास दिसते. गंजावर गंज टेकवून केलेल्या तशा प्रत्येक जोडात व्होल्ट जातात आणि तिथे ठिणगी पडते. पितळेचा क्लॅम्प, घासून चकचकीत केलेली जागा, आणि वेल्डच्या जवळ: यात दोन मिनिटं जातात.

रॉडही तपासा. पावसाळ्यात उघड्या पाकिटातला ६०१३ ओल धरतो; आर्क सारखा तुटतो आणि बीडमध्ये छिद्रं पडतात. त्याला १०० ते ११० अंशांवर तासभर वाळवलं की पुरतं. ७०१८ ला २५० ते ३०० अंश लागतात, एक ते दोन तास. उन्हात ठेवून तो वाळत नाही. करंट ६०१३ साठी साधारण असा: १२ नंबर म्हणजे अडीच एमएमला ६० ते ९०, १० नंबर म्हणजे ३.१५ ला ९० ते १३०, ८ नंबर म्हणजे ४ एमएमला १४० ते १८०. हँडलशेजारच्या पट्टीवरचा आकडा मात्र पूर्ण व्होल्टेजला खरा असतो. सेकंडरी केबलवर टाँग टेस्टर (तारेभोवती चिमट्यासारखा लावायचा करंटचा मीटर) लावून खरा करंट बघा.

एवढं सगळं ठीक असूनही त्रास राहिला तरच मशीन उघडा. शंटचे गाइड आणि लॉक स्क्रू सैल झाले की मशीन मोठ्याने घुरघुरतं, शंट कंपनाने आपोआप सरकतो आणि एकाच रॉडमध्ये करंट बदलतो. रिकाम्या मशीनचा प्रायमरी करंट टाँग टेस्टरने मोजून झाकणाच्या आत खडूने लिहून ठेवा. पुढे तो वाढलेला दिसला आणि मशीन रिकामं असतानाच तापत असेल तर आत वेढे शॉर्ट झाले आहेत. इन्सुलेशन मोजणारा मेगरही हवा, ५०० व्होल्टचा: प्रायमरी ते सेकंडरी किमान ५ मेगाओहम, प्रायमरी ते बॉडी आणि सेकंडरी ते बॉडी किमान अडीच. पावसाळ्यानंतर आकडा कमी आला तर आधी मशीन कोरडं करा, मग पुन्हा मोजा.

आता स्टॅबिलायझरच्या कोअरचं. स्टॅबिलायझर आहे तसा वापरायचा विचार असेल तर तो तिथेच सोडून द्या. त्यातला ट्रान्सफॉर्मर ऑटो पद्धतीचा असतो, म्हणजे आत आणि बाहेर एकच वाइंडिंग. होल्डरमधली रॉड मग सरळ लाइनच्या फेजला जोडलेली राहते. वेल्डरला मारायला एवढं पुरेसं आहे. मिठाच्या पाण्याच्या पिंपातून सरळ लाइनचा करंट काढून वेल्डिंग करण्याचे व्हिडिओ फिरतात, त्यांतही धोका हाच. मायक्रोवेव्ह ओव्हनचे दोन ट्रान्सफॉर्मर जोडून केलेलं मशीन दहा-बारा टाके मारेल. ते कोअर मुळातच संपृक्ततेच्या, म्हणजे लोखंडात आणखी चुंबकत्व मावत नाही त्या मर्यादेच्या, काठावर चालवण्यासाठी बनवलेले असतात आणि पंख्याशिवाय रिकामेच तापतात. त्यांची मूळ सेकंडरी दोन हजार व्होल्टच्या घरातली असते, ती काढल्याशिवाय हात लावायचाच नाही. धंद्याच्या कामाला ते नाहीत.

नुसतं स्टॅम्पिंग, म्हणजे कोअरच्या लोखंडी पट्ट्या, वापरून नवीन वाइंडिंग करायचं असेल तर गणित असं. कोअरचं निव्वळ क्षेत्रफळ ५० चौरस सेंटीमीटर आणि फ्लक्स घनता १.२ टेस्ला धरली तर प्रत्येक वेढ्याला ४.४४ × ५० × १.२ × ०.००५ म्हणजे १.३३ व्होल्ट येतात. ४१५ ला ३१२ वेढे, २३० चं टॅपिंग १७३ व्या वेढ्यावर, आणि ७० व्होल्टला ५३ वेढे. घनता १.२ च्या वर नेऊन वेढे वाचवू नका. रात्री लाइन २५० च्या वर गेली की कोअर संपृक्त होतो आणि मशीन रिकामंच करंट पितं.

तारेची जाडी ड्यूटी सायकलवरून ठरते. २०० ॲम्पियर, ३५ टक्के म्हणजे दहा मिनिटांत साडेतीन मिनिटं आर्क. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून हे ११८ ॲम्पियर सलग चालवण्याएवढं आहे. चौरस एमएमला ३ ॲम्पियर धरले तर सेकंडरी ४० स्क्वेअरची तांब्याची पट्टी, ॲल्युमिनियम असेल तर ६३-६४. प्रायमरी ४१५ वर २० ॲम्पियरची, म्हणजे सुमारे ७ स्क्वेअर. पण २३० च्या टॅपिंगवर चालवलं की पहिल्या १७३ वेढ्यांतून ३६ ॲम्पियर जातात, म्हणून तेवढा भाग १२ स्क्वेअरचा हवा. पूर्ण प्रायमरी एकाच जाडीची गुंडाळली आणि नंतर २३० वर चालवली, की नेमका तोच भाग जळतो. जळालेली मशीनं उघडली तर हे वारंवार दिसतं.

यापुढचा भाग कठीण. प्रायमरीवर सेकंडरी चढवली तर रिॲक्टन्स मिळत नाही आणि पहिल्याच रॉडला ब्रेकर पडतो. प्रायमरी एका पायावर, सेकंडरी दुसऱ्यावर आणि मध्ये सरकता शंट, हे शंटच्या फटीसकट जमवावं लागतं. फट एक-दोन मिलीमीटरने चुकली तरी सगळी रेंज बदलते. सांगली-मिरजेत मोटर रिवाइंडिंग करणारे चांगले कारागीर आहेत. वेढे ते उत्तम घालतील. पण शंटची चौकट नसलेल्या स्टॅबिलायझरच्या कोअरवर हे बसवणं म्हणजे तांब्याच्या किमतीत अर्धवट मशीन. माझं मत स्पष्ट आहे: बांधू नका. जुनं, जळालेलं पण चौकट शाबूत असलेलं वेल्डिंग मशीन भंगारात मिळालं आणि ते रिवाइंड केलं, तर तो सौदा बरा.

इन्व्हर्टर घ्यावा का? बागेत जाऊन १० आणि १२ नंबरच्या रॉडची कामं करायची असतील, जनरेटरवर चालवायचं असेल, आणि ७०१८ नियमित लागत असेल तर होय. आर्क डीसी मिळतो, वजन उचलण्याजोगं असतं, आणि लाइनवर ट्रान्सफॉर्मरपेक्षा बराच कमी करंट लागतो. ट्रान्सफॉर्मर मशीनला १४ केव्हीए ओढायचे तर जनरेटर किमान १५ ते २० केव्हीएचा हवा. दुकानात मात्र ग्राइंडरची लोखंडी धूळ उडते, इन्व्हर्टरचा पंखा ती सर्किटवर ओढतो, आणि रात्री चढलेल्या व्होल्टेजला त्यातले सुटे भाग आधी जातात. ट्रॉलीच्या जाड चॅनलच्या कोपऱ्यात डीसी आर्क चुंबकत्वाने बाजूला वाहतो, एसीचा तसा वाहत नाही. त्यामुळे इन्व्हर्टर घेतला तरी ट्रान्सफॉर्मर विकू नका.

आहे त्या मशीनला डायोडचा ब्रिज लावून डीसी करणं शक्य आहे. १५० ॲम्पियरला प्रत्येक डायोडमधून सरासरी ७५ जातात. १५० ते २०० ॲम्पियरचे, ४०० ते ६०० व्होल्टचे स्टड डायोड घ्या, मोठ्या हीटसिंकवर पंख्यासकट, कारण ब्रिजमध्येच ३०० वॅटच्या वर उष्णता होते. पुढे चोक हवाच, आणि त्याच्या कोअरमध्ये फट हवी, नाहीतर डीसीने कोअर भरून जातो आणि चोक असून नसल्यासारखा होतो.

बागेतल्या कामाची एक गोष्ट सविस्तर सांगतो, कारण तिथे इजा होते. मांडवाचे अँगल तारांनी एकमेकांना जोडलेले असतात. जॉबचा क्लॅम्प बांधावरच्या पहिल्या अँगलला लावून मधल्या ओळीत वेल्डिंग केलं, तर शंभरहून जास्त ॲम्पियर परतायला वाट शोधतात ती त्या बारीक जीआय तारांतून. तार तापते, जस्त उडतं, ताण सैल होतो, आणि पुढच्या छाटणीत मांडव झुकल्यावर दोष माल कच्चा असल्यावर जातो. शिवाय ठिबकने जमीन ओली, आणि लांब कुठेतरी कोणी तार धरून उभं असलं तर झटका त्याला बसतो. क्लॅम्प त्याच अँगलला, वेल्डपासून हातभर अंतरावर लावा. वेल्डच्या जागेचं जस्त दोन्ही बाजूंनी इंचभर घासून काढा. तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. ट्रॉलीचं काम असेल तर ट्रॅक्टर सोडवून बाजूला करा. ते जमत नसेल तर बॅटरीच्या आणि अल्टरनेटरच्या वायरी काढा, आणि क्लॅम्प कधीही असा लावू नका की करंट चाकाच्या बेअरिंगमधून जाईल.

सुरक्षेचं आणखी एक, ज्याबद्दल बहुतेक दुकानांत चुकीची खात्री असते. बोर्डावर ३० मिलीॲम्पियरचा आरसीसीबी (गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) बसवला म्हणजे वेल्डर सुरक्षित झाला, असं नाही. तो प्रायमरीची गळती पकडतो. सेकंडरी लाइनपासून वेगळी असल्यामुळे ७० व्होल्टचा झटका बसताना आरसीसीबीला काहीच दिसत नाही. आरसीसीबी बसवाच, मशीनच्या बॉडीला स्वतंत्र अर्थिंग द्याच. पण होल्डरपासून वाचवतात ते कोरडे कातडी हातमोजे, अखंड इन्सुलेशनचा होल्डर आणि पायाखालची कोरडी फळी. साध्या जागी एसीचं ओपन सर्किट व्होल्टेज ८० च्या वर नसावं, आणि टाकीत किंवा ओल्या, अडचणीच्या लोखंडी जागेत ४८ च्या वर नसावं, अशी मर्यादा आहे. म्हणून टाकीच्या आत तुमचं ७० व्होल्टचं मशीन वापरायचं नाही. तिथे व्होल्टेज कमी करणारं उपकरण, म्हणजे व्हीआरडी, असलेलं मशीन लागतं.

रोलर आर्किंगला हेच सगळं जास्त कडक लागू होतं. गिरणी चालू असते, ओतीव लोखंडाचा रोलर रसाने भिजलेला फिरत असतो, आणि दातांवर कठीण धातूचे ठिपके सोडायचे असतात, म्हणजे गुळगुळीत झालेला रोलर उसाला पुन्हा पकडतो. काम तासन्‌तास सलग चालतं, रॉड ४ एमएमचे. तुमचं मशीन सलग ११८ ॲम्पियरचं आहे. अर्ध्या पाळीत वॉर्निशचा वास येईल. इथे किमान ३०० ॲम्पियर, ६० टक्क्यांचं मशीन हवं, जे सलग २३२ देतं. परतीची केबल हाउसिंगला लावू नका: मग करंट गनमेटलच्या बेअरिंगमधून जातो आणि जर्नलवर, म्हणजे शाफ्टच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर, खड्डे पाडतो. शाफ्टवर घासणारा तांब्याचा ब्रश बसवून परतीची केबल त्याला जोडायची, आणि ब्रशची पकड दर पाळीला बघायची. उभं राहायला रबर टाकलेला लाकडी फलाट, रोलर जिथे एकमेकांत शिरतात तिथून हात आणि कपडे लांब, आणि मशीनच्या स्विचपाशी एक माणूस कायम. कारखान्याने हा माणूस आणि हा ब्रश देण्याचं मान्य केलं नाही, तर काम घेऊ नका.